पदवी कायद्याची, सनद वकिलीची



बारावीचे आणि बी.कॉम.चे निकाल लागले की देरासरच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर थेट दूरध्वनीवर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘साहेब, मुलगा बी.कॉम. झाला. सी.ए. आता जमणार नाही म्हणतो. त्याला एलएल.बी.ला घालू का? दुकानही बघेल आणि घरात एक वकीलही तयार होईल.’

कायद्याचे शिक्षण घ्यावे का, याला माझे उत्तर बहुधा ‘अवश्य घ्यावे’ असेच असते. मात्र प्रश्नातील शेवटचे वाक्य मला दर वेळी थांबवते. दुकानही बघायचे आणि वकिलीही करायची, या दोन गोष्टी आपल्या देशात एकाच वेळी करता येत नाहीत. व्यापारी कुटुंबांतील पुष्कळांना हे ठाऊक नसते. तीन वर्षे शिकून झाल्यावर, सनदेचा अर्ज हाती घेतल्यावर ते कळते आणि मग घरात वाद होतात. म्हणून या वेळचा लेख त्याच विषयावर.

कायद्याची पदवी विद्यापीठ देते. वकिलीची सनद विद्यापीठ देत नाही. ती १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार राज्याची बार कौन्सिल देते. आपल्याकडे ती महाराष्ट्र व गोवा यांची मिळून एक आहे आणि तिचे कार्यालय मुंबईतच आहे. पदवीनंतर तेथे नावनोंदणी करावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नावनोंदणीसाठी पूर्वी निरनिराळ्या राज्यांत हजारो रुपये घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निर्णय देऊन ते शुल्क कायद्यात लिहिलेल्या मर्यादेत, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारासाठी साडेसातशे रुपयांवर, आणले. तेव्हा सनद पैशाच्या दृष्टीने महाग नाही. तिची खरी किंमत निराळी आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीत ४७ ते ५२ या क्रमांकांचे नियम आहेत. मुलाला कायद्याच्या शिक्षणाला घालणाऱ्या प्रत्येक व्यापारी पित्याने ते एकदा वाचावेत. सनदधारक वकिलाला स्वतः कोणताही व्यापार करता येत नाही. भागीदारी पेढीत त्याला केवळ निष्क्रिय भागीदार म्हणून राहता येते, आणि तेही तो व्यवसाय वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधक नाही असे बार कौन्सिलचे मत असेल तर. कंपनीत तो संचालक होऊ शकतो, अध्यक्षही होऊ शकतो. मात्र रोजच्या कारभाराची कामे त्याच्याकडे असता कामा नयेत, आणि व्यवस्थापकीय संचालक किंवा कंपनी सचिव तर त्याला होताच येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी वर्ज्य. वडिलोपार्जित धंद्याचा विचारही नियमकर्त्यांनी केला आहे. असा धंदा वारशाने आला तर त्यातील हिस्सा वकिलाला ठेवता येतो, पण व्यवस्थापनात प्रत्यक्ष भाग घेता येत नाही. थोडक्यात, नफ्यातील वाटा मिळेल, गादीवर बसता येणार नाही.

‘हे नियम कागदावरचे, कोण बघतो?’ असेही मला ऐकवले जाते. मुंबईतील एका डॉक्टरांनी आपला वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागितली होती. बार कौन्सिलने ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९६ मध्ये तेथेही बार कौन्सिलचीच बाजू उचलून धरली गेली. डॉक्टरकीसारख्या प्रतिष्ठित व्यवसायाला जेथे सवलत मिळाली नाही, तेथे घाऊक कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानाला कोठून मिळणार? शिवाय धंद्यातला एखादा प्रतिस्पर्धी किंवा रुसलेला भाऊबंद तक्रार करायला पुरेसा असतो.

‘घरचा वकील’ या कल्पनेलाही आणखी एक मर्यादा आहे. ज्या प्रकरणात वकिलाचा स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे, ते त्याने चालवू नये असाही नियम आहे. ज्या पेढीत मुलाचा हिस्सा आहे, तिच्या वसुलीचे दावे त्याच मुलाने लढवावेत ही अपेक्षा त्यामुळे मुळातच गैर ठरते. फी वाचेल म्हणून मुलाला वकील करणे हा हिशेब जमेस धरण्यासारखा नाही.

मग पदवीचा उपयोग काय? माझे प्रामाणिक मत असे की व्यापारी घराला सनदेपेक्षा पदवीचाच उपयोग अधिक होतो, आणि पदवीधराने दुकान चालवण्यास कोणाचीही हरकत नाही. कर्ज विभागात काम करताना मी जी नुकसाने जवळून पाहिली, त्यांतील बहुतेक धंद्यातील खोटेपणामुळे झालेली नव्हती. कायदा ठाऊक नसल्यामुळे झालेली होती.

एक उदाहरण सांगतो. एक घाऊक व्यापारी, स्वभावाने अतिशय सज्जन. त्यांच्याकडे जुन्या ग्राहकाचा मोठ्या रकमेचा चेक परत आला. खात्यात पुरेशी शिल्लक नव्हती. बँकेची परतीची चिठ्ठी त्यांनी खिशात घातली आणि म्हणाले, ‘वीस वर्षांचे संबंध आहेत, नोटीस कशी पाठवू?’ पुढे दिवाळी गेली, संक्रांत गेली, ग्राहक ‘आज देतो, उद्या देतो’ म्हणत राहिला. वैशाखात हे गृहस्थ वकिलाकडे गेले तेव्हा फौजदारी उपायाची वाट बंद झाली होती. चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोहोचल्यावर देणेकऱ्याला पंधरा दिवस मिळतात. त्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर त्यापुढील एक महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण दाखवल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या उशिराला तशी सोय नाही. दिवाणी दाव्याचा मार्ग त्यांच्याकडे उरला होता, पण त्याला लागणारा वेळ आणि कोर्ट फी यांचे गणित मांडून त्यांनी तो नाद सोडला. संबंध तर गेलेच होते.

दुसरी गोष्ट भागीदारीची. आपल्याकडे दोन भाऊ आणि एक मेहुणा मिळून पेढी काढतात, भागीदारीपत्र मुद्रांकावर करतात, बँकेत खाते उघडतात आणि सारे पूर्ण झाले असे समजतात. निबंधकाकडे पेढीची नोंदणी करायचे राहून जाते, कारण कायद्याने ती सक्तीची नाही. मात्र १९३२ च्या भागीदारी अधिनियमाचे कलम ६९ सांगते की नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून येणाऱ्या हक्कासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. म्हणजे माल दिला, उधारी थकली, आणि दावा लावायला गेल्यावर समोरचा वकील पहिला प्रश्न नोंदणीचा विचारतो.

तिसरी गोष्ट जामीनकीची. ‘फक्त सही तर आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की त्याचा धसकाच घेतला. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम १२८ जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच मानते. करारात निराळे लिहिले नसेल तर बँकेने आधी कर्जदाराकडे जावे, मग जामीनदाराकडे, असा क्रम मुळीच नाही. साडूच्या किंवा मित्राच्या कर्जावर सही करून राहता फ्लॅट धोक्यात घातलेली कुटुंबे आपल्या उपनगरांत कमी नाहीत.

तीन वर्षे करार, मालविक्री, भागीदारी, कंपनी, मालमत्तेचे हस्तांतरण आणि मुदतीचा कायदा शिकलेला मुलगा पेढीवर बसला तर या तिन्ही ठिकाणी तो वेळेवर बोट ठेवील. वकिलाची गरज तरीही पडेल. पण वकिलाकडे केव्हा जायचे आणि कोणते कागद घेऊन जायचे, हे त्याला कळेल. उपनगरांत सध्या पुनर्विकासाचे वारे आहे. सोसायटीच्या सभेत विकासकाचा कराराचा मसुदा वाचून दाखवू शकणारा एक तरुण असेल, तर साऱ्या इमारतीला त्याचा आधार वाटतो.

आता ज्याला खरोखर न्यायालयातच उभे राहायचे आहे, त्याच्याविषयी. येथे प्रश्न आवडीचा आहे, तसाच भांडवलाचाही आहे. वीरचंद राघवजी गांधी यांचे नाव आपल्या घरांत शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेमुळे परिचित आहे. त्याआधी ते मुंबईत सॉलिसिटर होण्यासाठी उमेदवारी करीत होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच सुमारास, १८९१-९२ मध्ये, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले तरुण मोहनदास गांधी मुंबईत नशीब अजमावत होते आणि दोघांचा स्नेह होता. मोहनदासांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे की वीरचंदभाई त्यांना मुंबईतल्या नामांकित वकिलांच्या गोष्टी सांगत आणि बजावत, की बॅरिस्टरला पाच-सात वर्षे नुसते बसून काढावी लागणे यात नवल नाही. तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभा राहिलास तर भाग्यवान समज. मोहनदासांचा अनुभव तसाच आला. लघुवाद न्यायालयात तीस रुपयांच्या पहिल्याच प्रकरणात ते उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. दिवसाला तासभर शिकवण्याच्या, महिना पंचाहत्तर रुपयांच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. पदवीधर नाहीत म्हणून तीही मिळाली नाही.

पुढची हकीकत आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. १८९३ मध्ये, म्हणजे वीरचंदभाई शिकागोला गेले त्याच वर्षी, मोहनदास दक्षिण आफ्रिकेला गेले ते पोरबंदरच्या एका व्यापारी पेढीच्या कामासाठी. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचा दुसऱ्या व्यापाऱ्यावर चाळीस हजार पौंडांचा दावा होता आणि सारा दावा हिशेबाच्या वह्यांवर उभा होता. ‘पी. नोट’ म्हणजे वचनचिठ्ठी, हेही या बॅरिस्टरला तोवर ठाऊक नव्हते. त्यांनी जमाखर्चाचे पुस्तक विकत घेतले, वह्या समजून घेतल्या, आणि मग दोन्ही पक्षांना लवादाकडे जाण्यास राजी केले. निकाल अशिलाच्या बाजूने लागल्यावर, समोरच्या व्यापाऱ्याचे दिवाळे निघू नये म्हणून रक्कम हप्त्यांनी घेण्यास अशिलाचे मनही वळवले. ज्याच्या घरात तिसऱ्या पिढीपासून खातेवही आहे, त्या मुलाला हे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. न्यायालयात ही फार मोठी शिदोरी आहे, आणि आपली मुले तिला काहीच किंमत देत नाहीत याचे मला आश्चर्य वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरणही येथे आठवते. परदेशातील मोठ्या पदव्या घेऊन १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. तरीही १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावत होते. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

आजही चित्र फार बदललेले नाही. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम करणाऱ्या नवोदिताला मिळणारे मानधन पुष्कळदा लोकलचा पास आणि दुपारचे जेवण यांपलीकडे जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरी भागात महिना किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत असे परिपत्रक काढले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. नवी दुकानशाखा उघडली तर पहिली तीन वर्षे तिने नफा द्यावा अशी अपेक्षा आपण करत नाही. मुलाच्या वकिलीलाही तेवढीच मुदत द्यावी लागेल. व्यापारी घराला हे परवडते. कित्येक हुशार नोकरदार घरांना परवडत नाही. मात्र ते आधी ठरवून द्यावे. दर महिन्याला ‘किती मिळाले?’ असे विचारणे टाळावे.

शिक्षण कोठे घ्यावे, हे थोडक्यात सांगतो. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही दोन वर्षांनी जुने. फी अजूनही काही हजारांतच, त्यामुळे प्रवेशासाठी चुरस मोठी. उपनगरांत विलेपार्ल्याला प्रवीण गांधी आणि जितेंद्र चौहान ही महाविद्यालये आहेत, वांद्र्याला रिझवी आहे, कांदिवलीलाही विधी महाविद्यालय आहे. मेट्रो झाल्यापासून घाटकोपरच्या मुलांना अंधेरी-पार्ले दूर राहिलेले नाही. या साऱ्यांसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी सर्वसाधारण गटात किमान पंचेचाळीस टक्के गुण हवेत. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वाट निराळी. तेथे देशपातळीवरील ‘क्लॅट’ परीक्षा लागते आणि तिची तयारी अकरावीपासून करावी लागते. ज्याचा कल व्यापारी कायद्याकडे आहे त्याने आधी बी.कॉम. करून मग तीन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, असे माझे मत. एक वर्ष अधिक जाते, पण ताळेबंद वाचता येतो.

‘वर्गात न जाता परीक्षा देता येते ना?’ असेही विचारतात. बार कौन्सिलचा नियम सत्तर टक्के उपस्थितीचा आहे. आमच्या काळी बँकेतील कित्येक सहकारी सकाळचे वर्ग करून एलएल.बी. झाले, परंतु ते वर्गात बसत असत. परीक्षेपुरती गाईड पाठ करून मिळवलेली पदवी भिंतीवर शोभते, भागीदारीपत्र वाचताना उपयोगी पडत नाही.

न्यायालयाखेरीज वाटाही आहेत. राष्ट्रीयीकृत बँकांत विधी अधिकाऱ्यांची भरती आय.बी.पी.एस.मार्फत होते, अर्जासाठी पदवीबरोबर बार कौन्सिलची नोंदणी लागते. न्यायाधीश होण्याची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे, आणि मराठी उत्तम येणे आवश्यक आहे. आपली बरीच मुले इंग्रजी माध्यमात शिकतात व घरी गुजराती, मारवाडी किंवा कच्छी बोलतात. त्यांनी याची नोंद घ्यावी. सॉलिसिटरची परीक्षा ही तर मुंबईची जुनी खासियत. तीन वर्षांची उमेदवारी कठीण असते, पण व्यापारी करार आणि मालमत्तेची कागदपत्रे शिकण्यासाठी त्यासारखी शाळा नाही. घरखरेदीच्या तक्रारींसाठी महारेरा आहे, दिवाळखोरीसाठी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण आहे, जी.एस.टी.ची अपिले आहेत. या सर्व ठिकाणी आकडे समजणाऱ्या वकिलाला काम मिळते. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या न्यायालयांत चेकची प्रकरणे तर ढिगाने पडलेली असतात.

आतापर्यंत मी ‘मुलगा, मुलगा’ असेच लिहीत आलो, कारण प्रश्न तसाच विचारला जातो. वास्तविक कायद्याच्या वर्गांत मुलींची संख्या आज डोळ्यांत भरण्याइतकी आहे. स्त्रियांना वकिली करण्यास असलेली आडकाठी १९२३ च्या कायद्याने दूर झाली आणि पुढच्याच वर्षी मिठन टाटा मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर म्हणून उभ्या राहिल्या. १९९४ मध्ये सुजाता मनोहर त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. आपल्या घरांच्या दृष्टीने दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्यालाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः एकत्र कुटुंबाची सहदायाद झाली आहे. तरीही कित्येक घरांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि ती ते न वाचता सही करते. कायदा शिकलेली बहीण कदाचित सहीही करील. पण वाचून करील. काही वडीलधाऱ्यांना एवढ्यासाठीच मुलीने कायदा शिकावा असे वाटत नाही. हे स्पष्ट लिहिल्याबद्दल काही जण माझ्यावर रागावतील, तर रागावोत.

लग्नाच्या बोलण्यांत सनदधारक मुलीविषयी अलीकडे एक प्रश्न विचारला जातो. ‘आमची पेढी मोठी आहे, ती हिशेब सांभाळील ना?’ सनद चालू असेल तर तिला सासरच्या धंद्याचा कारभार पाहता येणार नाही. तसे करायचे असेल तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते, आणि ती पुढे पुन्हा चालू करून घेता येते. स्थगित करायची की नाही, हे दोन्ही घरांनी तिलाच विचारावे, आणि तेही साखरपुड्याच्या आधी.